फ्लोअर शिफ्ट बसवल्यानंतर गिअर पुन्हा पुन्हा निसटणे किंवा अडकणे: मूळ कारण आणि कायमचा उपाय

जुन्या गाडीचा स्टीअरिंग कॉलमवरचा गिअरचा दांडा काढून तो खाली फ्लोअरवर आणला की पहिले काही दिवस सारे सुरळीत चालते. मग एखाद्या चढावर पिकअप देताना दुसरा गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येतो, किंवा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मधेच अडकतो. गाडी रॅम्पवर घेतली जाते, दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या रॉडची लांबी एक-दोन आटे कमी-जास्त केली जाते, चेकनट (ते सेटिंग पक्के धरणारे नट) आवळले जातात आणि गाडी पुन्हा नीट चालू लागते. काही दिवसांनी तीच तक्रार परत येते. या चक्रात सापडलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये रॉडच्या सेटिंगचा दोष नसतो, म्हणूनच सेटिंग बदलून तो जातही नाही. शिफ्टर, म्हणजे दांडा आणि त्याची बैठक, गाडीच्या पत्र्यावर बसवलेला असतो आणि गिअरबॉक्स रबरी फाउंडेशनवर हलत असतो. गाडी उभी असताना केलेले माप गाडी ओढायला लागताच चुकते, हे या तक्रारीचे सर्वांत वारंवार आढळणारे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे कारण आहे.

हे नीट कळण्यासाठी मूळ रचना काय करत होती ते पाहायला हवे. १९३८ च्या सुमारास अमेरिकन गाड्यांमध्ये कॉलम शिफ्टचा प्रसार सुरू झाला, कारण पुढच्या अखंड बाकावर तिघांना बसता यावे म्हणून मधली जागा मोकळी हवी होती. तीन गिअरच्या नेहमीच्या रचनेत दांडा स्वतःकडे ओढून खाली नेला की पहिला आणि वर नेला की रिव्हर्स पडतो. दांडा पुढे ढकलून वर नेला की दुसरा आणि खाली आणला की तिसरा. गिअरबॉक्सच्या कुशीला दोन छोटे लिव्हर असतात. एक पहिला व रिव्हर्स सांभाळतो, दुसरा वरचे दोन गिअर सांभाळतो. कोणता लिव्हर हलवायचा याची निवड कॉलमच्या बुंध्याशी होते आणि तिथून लांब रॉड खाली उतरतात. ते रॉड लांब असल्यामुळे आणि त्यांची दिशा विचारपूर्वक ठरवलेली असल्यामुळे गिअरबॉक्स थोडा हलला तरी लिव्हरच्या कोनात फारसा फरक पडत नाही. फ्लोअर शिफ्टमध्ये मात्र शिफ्टर गिअरबॉक्सच्या अगदी जवळ येतो आणि रॉड आखूड होतात. आखूड रॉडला प्रत्येक हालचाल थेट जाणवते.

आता इंजिनाचे वागणे पाहू. पिकअप देताना इंजिन प्रोपेलर शाफ्टला एका दिशेने पिळते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः उलट दिशेने कलते. त्यामुळे एका बाजूचे फाउंडेशन रबर दाबले जाते, तर दुसऱ्या बाजूचे ताणले जाते. एक्सिलरेटर सोडला की इंजिन मागे येते आणि रिव्हर्समध्ये ते उलट्या बाजूला कलते. या हालचालीत गिअरबॉक्सच्या कुशीचे लिव्हर वर-खाली आणि थोडे पुढे-मागे सरकतात. शिफ्टर पत्र्यावर स्थिर उभा असेल, तर मधला रॉड लिव्हरला ढकलतो किंवा ओढतो. चालकाने दांड्याला हातही लावलेला नसतो, तरी गिअरबॉक्सला मात्र कुणीतरी गिअर बदलतो आहे असेच वाटते. रबर जुने, तेल प्यायलेले किंवा फाटलेले असेल तर ही हालचाल कितीतरी वाढते. जुन्या गाडीत ते तसे असण्याची शक्यताच अधिक, म्हणून रूपांतराच्या कामात नवी फाउंडेशन रबरे आधी बसवावीत आणि शिफ्टरचा विचार नंतर करावा, असा माझा ठाम आग्रह आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवावे

तपासणीतली पहिली पायरी म्हणजे गिअरबॉक्स आणि लिंकेज (शिफ्टरपासून लिव्हरपर्यंतची रॉडची जोडणी) यांना एकमेकांपासून वेगळे करणे. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, मजबूत स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. इंजिन बंद असताना दोन्ही रॉड लिव्हरपासून सोडवावेत आणि लिव्हर हाताने हलवून पाहावेत. प्रत्येक लिव्हरला तीन स्पष्ट जागा असतात: मध्ये न्यूट्रल आणि दोन्ही टोकांना एकेक गिअर. प्रत्येक जागी लिव्हर खाचेत ‘टक’ करून बसल्याचे हाताला जाणवले पाहिजे. हे बसणे मऊ, अस्पष्ट किंवा डळमळीत वाटले, तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या कव्हरमधली खाचेची स्प्रिंग थकलेली आहे किंवा गोळी बसण्याची खाच झिजलेली आहे, आणि बाहेरचे रॉड कितीही सेट केले तरी त्याचा उपयोग होणार नाही.

याच वेळी लिव्हर आपल्या शाफ्टवर घट्ट आहे का, हेही पाहावे. लिव्हर धरून हलवला असता शाफ्ट हलण्याआधी लिव्हर थोडा रिकामा फिरत असेल, तर नट ढिला आहे किंवा लिव्हरच्या भोकाच्या सपाट कडा गोल झाल्या आहेत. कडा गोल झालेला लिव्हर कितीही आवळला तरी पुन्हा ढिला होतो. तो बदलावाच लागतो.

त्यानंतरची चाचणी थोडी वेळखाऊ आहे, पण तिच्याइतका स्वच्छ निकाल दुसरी कुठलीच चाचणी देत नाही. दोन्ही रॉड सुटे ठेवून, ते कुठे अडकणार नाहीत असे तारेने बांधावेत, हाताने फक्त तक्रारीचा गिअर टाकावा आणि वर्दळ नसलेल्या मोकळ्या जागेत गाडी त्या एकाच गिअरमध्ये क्लचच्या मदतीने हळू सुरू करून चालवावी. पिकअप द्यावा, सोडावा, पुन्हा द्यावा. रॉड जोडलेले नसतानाही गिअर निसटला, तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे: गिअरचे दात, सिंक्रोची स्लीव्ह, शिफ्टिंग फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) किंवा बेअरिंग झिजलेले असू शकते आणि बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या आवरणाची) रेषा चुकलेली असणेही शक्य आहे. त्यासाठी गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही. पण रॉड सुटे असताना गिअर तसूभरही हलला नाही आणि रॉड जोडल्यावर निसटू लागला, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि पुढचे सगळे लक्ष शिफ्टर, रॉड आणि त्यांच्या आधारावर द्यावे.

हालचाल प्रत्यक्ष मोजावी

गिअरबॉक्स किती हलतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते कागदावर उमटवून घेता येते. गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टखाली जाड ताठ तार आवळावी आणि तिचे टोक वरच्या पत्र्याजवळ आणावे. पत्र्याच्या खालच्या बाजूला जाड पुठ्ठा चिकटवून त्यावर खडू घासावा आणि तारेचे टोक पुठ्ठ्याला हलके टेकेल असे वाकवावे. आता गाडी थोडी चालवावी: पहिल्या गिअरमध्ये दमदार पिकअप, एकदम एक्सिलरेटर सोडणे, रिव्हर्समध्ये थोडे मागे येणे. गाडी थांबवून पुठ्ठा काढला की पांढऱ्या खडूत तारेने ओरखडलेली रेघ दिसते, आणि ती बहुधा सरळ नसून कमानीसारखी वळलेली असते. ती रेघ फूटपट्टीने मोजावी. मग एकेक लिव्हर न्यूट्रलपासून पूर्ण गिअरमध्ये जाईपर्यंत रॉडच्या भोकापाशी किती सरकतो तेही मोजावे. या दोन आकड्यांची तुलना केली की सेटिंग का टिकत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. लिव्हरच्या एकूण सरकण्याचा मोठा हिस्सा जर इंजिनाच्या डोलण्यातच जात असेल, तर कोणतेही सेटिंग केवळ योगायोगानेच टिकेल.

कायमचा उपाय: शिफ्टरचा आधार गिअरबॉक्सवर

उपायाचे तत्त्व सोपे आहे. शिफ्टर आणि गिअरबॉक्स एकत्र हलले पाहिजेत. त्यासाठी शिफ्टर पत्र्यावर न बसवता जाड पोलादी ब्रॅकेटने गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला, म्हणजे टेल हाउसिंगला, किंवा त्याच्या बाजूच्या कव्हरच्या बोल्टांना जोडावा. असे केले की इंजिन कितीही कलले तरी शिफ्टर, रॉड आणि लिव्हर यांचा त्रिकोण बदलत नाही. दांडा मात्र चालकाच्या हाताखाली थोडा थरथरतो आणि पिकअप देताना किंचित हलताना दिसतो. काहींना हे खटकते आणि ते थांबवण्यासाठी शिफ्टर पत्र्यालाही एका बोल्टने अडकवला जातो. तसे अजिबात करू नये, कारण त्या एका बोल्टामुळे मूळ दोष पुन्हा जिवंत होतो आणि शिवाय ब्रॅकेटला तडा जाण्याची वेळ येते.

ब्रॅकेट पातळ पट्टीचा असेल तर तो स्प्रिंगसारखा वाकतो, आणि दांडा पूर्ण ओढल्यासारखा वाटूनही आत गिअर अर्धाच पडलेला असतो. ब्रॅकेटला दोन वेगळ्या दिशांनी आधार मिळायला हवा. एकाच रांगेतल्या दोन बोल्टांवर लटकणारा ब्रॅकेट दांड्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर पिळला जातो. रॉडच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. एक्झॉस्टला किंवा क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) वळसा घालण्यासाठी मोठे बाक दिलेला रॉड ओढताना थोडा सरळ होतो आणि ढकलताना आणखी वाकतो, म्हणजे दांड्याचा प्रवास रॉडच वाटेत खाऊन टाकतो. रॉड शक्य तितका सरळ असावा, भरीव असावा आणि बाक अटळ असेल तर अधिक जाड घ्यावा.

काही गाड्यांत टेल हाउसिंगवर जागाच नसते किंवा दांडा फार पुढे येतो. अशा वेळी केबल हा चांगला पर्याय आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केबलमध्ये बाहेरची नळी आणि आतली तार असे दोन भाग असतात. नळीचे एक टोक शिफ्टरच्या बैठकीला आणि दुसरे गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटला बांधलेले असेल, तर गिअरबॉक्स हलला की नळीही त्याच्याबरोबर हलते आणि तारेची लांबी नळीच्या तुलनेत बदलत नाही. म्हणून केबलचा शिफ्टर पत्र्यावर बसवला तरी चालतो. मात्र नळीचे खालचे टोक गिअरबॉक्सऐवजी चासीला किंवा क्रॉसमेंबरला बांधले, तर हा सगळा फायदा हातचा जातो आणि आखूड रॉडचाच दोष केबलमध्ये उतरतो. केबल बसवूनही गिअर निसटतो अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी त्या टोकाचा ब्रॅकेट कुठे आवळला आहे ते पाहावे. केबलला तीव्र वळण देऊ नये आणि ती एक्झॉस्ट पाइपपासून दूर न्यावी. उष्णतेने आतले अस्तर मऊ झाले की तार जड चालू लागते आणि दांडा चिकटल्यासारखा वाटतो.

आता सेटिंग

आधार पक्का झाल्यावरच सेटिंगला अर्थ येतो. गिअरबॉक्सचे दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलच्या खाचेत बसवावेत. अनेक फ्लोअर शिफ्टरांच्या अंगात न्यूट्रलचे आरपार भोक असते. पाव इंची, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटर जाडीची सरळ पिन किंवा तेवढ्याच मापाच्या ड्रिल बिटाची मागची बाजू त्यात घातली की आतली सगळी पाती एका रेषेत येतात. पिन आत असतानाच प्रत्येक रॉडची लांबी अशी करावी की त्याचे टोक लिव्हरच्या भोकात अजिबात जोर न लावता अलगद उतरेल. बोटाने थोडेसे दाबून बसवावे लागले, तरी ते सेटिंग चुकलेले समजावे. चेकनट आवळताना रॉड फिरू नये म्हणून दुसऱ्या पान्याने धरावा आणि आवळून झाल्यावर टोक पुन्हा काढून-घालून पाहावे, कारण लांबी बहुतेक वेळा याच क्षणी बदलते. शेवटी पिन काढायला विसरू नये.

शिफ्टर पत्र्यावर असलेल्या गाडीत सेटिंग करताना आणखी एक गोष्ट घडते: काम सोपे जावे म्हणून गिअरबॉक्सखाली जॅक लावलेला असतो. जॅकने गिअरबॉक्स थोडा उचलला जातो, त्या उचललेल्या स्थितीत माप घेतले जाते आणि जॅक काढताच माप बिघडते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स स्वतःच्याच फाउंडेशनवर टेकलेले असतानाच सेटिंग करावे.

शिफ्टरला मर्यादा-बोल्ट असतील तर ते शेवटी लावावेत. आधी ते मागे घेऊन ठेवावेत, गिअर पूर्ण टाकावा, बोल्ट दांड्याच्या पात्याला टेकेपर्यंत आत घ्यावा आणि मग एक आटा मागे घेऊन चेकनट आवळावा. हे बोल्ट पुरेसे मागे नसतील तर दांडा बोल्टावर थांबतो आणि गिअर अर्धवट राहतो. ते मुळीच लावले नाहीत तर प्रत्येक हिसका थेट आतल्या फोर्कवर जातो.

दांडा मधेच अडकणे

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा ठप्प होण्याचे कारण वेगळे आहे. गिअरबॉक्सच्या आत एक इंटरलॉक असतो, जो एक लिव्हर न्यूट्रलमध्ये आल्याशिवाय दुसऱ्याला हलू देत नाही. पहिल्या-रिव्हर्सचा रॉड किंचित लांब किंवा आखूड असला, तर दांडा न्यूट्रलमध्ये दिसतो पण लिव्हर खाचेच्या अलीकडेच राहतो आणि इंटरलॉक आपले काम चोख करत दुसऱ्या लिव्हरला अडवतो. अशा वेळी दांड्यावर जोर करू नये. इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून खालून दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलमध्ये आणावेत आणि मग वरीलप्रमाणे सेटिंग करावे. इंटरलॉक झिजला असेल तर याहून गंभीर प्रकार घडतो: दोन गिअर एकदम पडतात आणि गिअरबॉक्स जाम होतो. तसे एकदा जरी झाले तरी कव्हर उघडून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

झिजलेले नायलॉन बुश आणि सैल क्लिपा यांचाही यात वाटा असतो. रूपांतर करताना जुन्या लिंकेजमधले बुश पुन्हा वापरू नयेत. प्रत्येक सांध्यातला थोडा थोडा खेळ शेवटी दांड्यापाशी एकत्र येतो.

सीट आणि पत्र्याचे भोक

गाडी एका चालकाच्या हाती नीट चालते आणि दुसऱ्याच्या हाती गिअर निसटतो, असे दिसले तर कौशल्याचा प्रश्न काढण्याआधी सीट पाहावी. बाकासारखी अखंड सीट पुढे सरकवली की मागे येणारा दांडा तिच्या कडेला टेकतो आणि गिअर पूर्ण पडण्याआधीच थांबतो. सीट सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे अशा दोन्ही स्थितींत, सीटवर माणूस बसलेला असताना, प्रत्येक गिअर टाकून पाहावा. दांडा वाकवून किंवा बदलून ही अडचण दूर होते. पत्र्याच्या भोकाच्या कडेचेही तसेच आहे. शिफ्टर गिअरबॉक्सवर बसलेला असेल तर भोक इंजिनाच्या हालचालीला पुरेल इतके मोठे हवे, आणि वरचा रबरी बूट इतका ताठ नसावा की तो दांड्याला परत ओढेल.

ऑटोमॅटिक गाडी असल्यास

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर निसटण्यापेक्षा दांडा आणि गिअरबॉक्स यांचे न जुळणे ही तक्रार अधिक येते. आत कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दातेरी पट्टी असते आणि स्प्रिंगवरचा रोलर तिच्या खाचांत बसतो. खरी जागा ही खाच ठरवते, दांड्याशेजारची अक्षरे नव्हे. कॉलमसाठीचा लिव्हर आणि फ्लोअर शिफ्टरचा प्रवास यांचे प्रमाण जुळले नाही, तर पार्क बरोबर येतो आणि शेवटचा गिअर येत नाही, किंवा उलट होते. दांडा अजून मधल्या जागेवर असताना गिअरबॉक्स पुढच्या खाचेत पोहोचत असेल, तर गिअरबॉक्सचा लिव्हर आखूड आहे. जोडणी शाफ्टपासून अधिक दूरच्या भोकात घ्यावी. क्रमच उलटा आला, तर लिव्हर वरच्या बाजूऐवजी खालच्या बाजूला किंवा खालच्या ऐवजी वरच्या बाजूला वळवावा लागतो.

प्रत्येक जागी दांडा ठेवून केबलची पिन लिव्हरमधून काढावी. ती जोर न लावता पुन्हा आत गेली पाहिजे. दांड्याने हलणारा आतला व्हॉल्व्ह दोन खाचांच्या मध्ये राहिला तर तेलाचा दाब अर्धवट सोडतो आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटा घसरून जळतात. पार्कची तपासणी तर जिवाशी निगडित आहे: दांडा पार्कमध्ये दिसत असूनही आतला खटका दातात बसलेला नसेल, तर उतारावर उभी केलेली गाडी चालू पडते. इंजिन बंद, हँडब्रेक सैल आणि चाकांपासून थोड्या अंतरावर ठोकळे ठेवून, बाजूला उभे राहून गाडी ढकलून पाहावी.

अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार १९६८ पासून ऑटोमॅटिक गाडीचा स्टार्टर चालत्या गिअरमध्ये फिरता कामा नये. ज्या गाड्यांत स्टार्टरला असे अडवणारा स्विच कॉलमवर होता, त्यांत तो शिफ्टरवर हलवावा लागतो. तो थेट जोडून निकामी करणे हा मार्ग नाही. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विचही तिथेच असतो आणि बहुधा विसरला जातो.

कॉलममध्ये उरलेले भाग

जुने रॉड काढल्यावर कॉलमच्या बुंध्याशी लिव्हर मोकळे राहतात आणि खडखडतात. ते काढता येत असतील तर काढावेत. पण गिअरची नळी काही गाड्यांत खालच्या बेअरिंगलाही आधार देते, म्हणून ती न तपासता उपटू नये. १९६९ पासून जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत इग्निशनची किल्ली कॉलमवर गेली आणि कुलूप गिअरच्या कॉलरशी जोडले गेले. अशा कॉलमवर कॉलर मोकळी सोडली तर किल्ली कधी फिरते आणि कधी अडते. योग्य उपाय म्हणजे फ्लोअर शिफ्टसाठीच बनवलेला त्याच गाडीचा कॉलम बसवणे, आणि मूळ रचनेत शिफ्टरची हालचाल कॉलमपर्यंत नेणारा परतीचा रॉड असेल तर तोही जोडणे. अपघातात आत दबणारा कॉलम असेल तर त्याला वेल्डिंग किंवा भोके कधीही करू नयेत.

सगळे जोडून झाल्यावर पत्र्याचे भोक खालच्या बुटाने आणि सीलंटने हवाबंद करावे, कारण त्या वाटेने एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. थोडे अंतर चालवल्यानंतर, इंजिन थंड झाल्यावर, ब्रॅकेटचे बोल्ट आणि चेकनट पुन्हा एकदा तपासावेत. खडूचा पुठ्ठा यावेळी शिफ्टरच्या अंगावर लावून तार गिअरबॉक्सवरच ठेवावी. रेघ न ओढता एकाच जागी ठिपका उमटला, तर शिफ्टर आणि गिअरबॉक्स एकत्र हलत आहेत.